नंबरात ठेवलेला स्टॅबिलायझर

बॉम्बशोधक पथकाचं कुत्रं केयूर सेलूकरच्या बेडरूममध्ये शिरलं आणि सरळ दिवाणापुढं जाऊन बसलं. नुसतं बसलं नाही, पहिला नंबर आलेलं पोरगं पेपरातल्या फोटोला बसतं तसं ताठ बसलं. दारात फौजदार, खिडकीत अख्खी कॉलनी, आणि मधे घामानं निथळत उभा असलेला आपला केयूर मनातल्या मनात हात जोडून म्हणत होता, देवा, दिवाणात बॉम्बच निघू दे. खोटं नाही सांगत. लोक देवाकडं प्रमोशन मागतात, पाऊस मागतात, पण स्वतःच्या दिवाणात बॉम्ब मागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

कारण दिवाणात पाणी होतं. आणि त्याच दिवशी सकाळी शेजारच्या चतुराबाईंना त्यानं सांगितलं होतं, की काकू, घरात थेंब नाही.

आता तुम्ही म्हणाल, दिवाणात पाणी कसं काय. ते सांगतो, पण त्यासाठी तो उन्हाळा आठवायला पाहिजे. हर्सूल तलावात पोरं क्रिकेट खेळायची तो उन्हाळा. तलावाच्या पलीकडं माळरानावर नव्या नव्या कॉलन्या उठत होत्या, आणि केयूरच्या कॉलनीचं नाव बिल्डरनं ठेवलं होतं गंगासागर. पाइपलाइन मंजूर आहे असं घर घेताना सांगितलं होतं. मंजूर होतीच, फक्त पाइप आणि पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. तोपर्यंत टँकर. टँकर यायचा तेव्हा यायचा, नाही तेव्हा नाही, आणि आला की बायाबापड्या अशा धावायच्या, की औरंगपुऱ्यात दिवाळीच्या आदल्या दिवशी पण एवढी रेटारेटी होत नाही.

केयूर औरंगपुऱ्यात विम्याच्या ऑफिसात होता. विमा विकणाऱ्या माणसाचं डोकं कसं असतं, उद्या काय वाईट होईल ह्याचा तो आजच हिशेब लावतो. तर एका दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात आलं, की शेतकरी खड्डा खणून त्यात प्लास्टिकची पन्नी अंथरतो आणि त्याला शेततळं म्हणतो. मग आपल्या बेडरूममध्ये एवढा मोठा सागवानी खड्डा रिकामा पडलाय त्याचं काय? दिवाण मनस्विनीच्या माहेरून लग्नात आलेला. वरची फळी उचलली की खाली अख्खी खोली. त्यात स्वेटर, रजया आणि डांबरगोळ्या. स्वेटर आणि रजया माळ्यावर गेल्या. डांबरगोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात वितळून फळ्यांत मुरलेल्या, त्या काही गेल्या नाहीत. मनस्विनी म्हणाली, "अरे, वास येतोय." केयूर म्हणाला, जाईल.

पन्नी कुठून आणायची, तर शेजारून. शेजारी तात्यासाहेब. करमाडला त्यांची शेती, तिथलं शेततळं मार्चातच कोरडं ठाक पडलेलं, म्हणून त्यांनी पन्नी गुंडाळून इकडच्या गच्चीवर आणून टाकली होती. केयूरनं जाऊन सांगितलं, की तात्या, धूळ लई येते, माळ्यावरचं सामान झाकायला थोडी पन्नी लागत होती. तात्यासाहेबांनी विळ्यानं कापून अंथरुणाएवढी पन्नी काढून दिली, वर दोरी पण दिली. माळा म्हटल्यावर चढायला शिडी लागंल म्हणून शिडी पण दिली. ती शिडी तेव्हापासून केयूरच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उगाच उभी होती.

आणि भरलं कधी? तर तात्यासाहेबांच्या पुतण्याचं लग्न निघालं करमाडला. अख्ख्या कॉलनीला आवतण. सगळे गेले, कुणी टेम्पोत, कुणी मोटारसायकलवर. केयूरनं पोट धरलं. म्हणाला, पोटात फार दुखतंय, तुम्ही व्हा पुढं. कॉलनी रिकामी झाली तसा खाजगी टँकर आला, खिडकीतून पाइप आत घेतला, आणि दिवाण भरला. संध्याकाळी वऱ्हाड परतलं तेव्हा चतुराबाई हळद-कुंकवासकट आधी केयूरच्या दारात. हातात डबा. त्यात जिलबी नाही, मठ्ठा नाही, नुसता मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण. खास वेगळं काढून घेतलेलं. म्हणाल्या, पोट दुखायलंय तर हेच खा. केयूरनं खाल्लं. भात चांगला होता हो, पण घशाखाली उतरायला पाणी लई लागलं.

तेव्हापासून घरात दोन व्यवस्था झाल्या. एक दिवाण, आणि दुसरा दाखवायचा ड्रम. दाखवायचा ड्रम दारापाशी, झाकण उघडं, आत वीतभर हवा आणि तळाशी एक झुरळ. कुणी मागायला आलं की केयूर तो ड्रम वाकडा करून दाखवायचा. हळूहळू त्यात त्याला सफाई आली. चेहरा कसा पाडायचा, मान कुठं हलवायची, सगळं बसलं. मनस्विनीला मात्र झोप लागंना. कूस बदलली की गादीखाली डुबुक व्हायचं. ती म्हणायची, "मला जहाजात झोपल्यासारखं वाटतं. आणि त्या तनुजाकडं बघवत नाही." तनुजा म्हणजे चतुराबाईंची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि नुकतीच दवाखान्यातून लेकरू घेऊन घरी परतलेली. शेवटी मनस्विनी उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला लागली. केयूर एकटा त्या दिवाणावर, रात्रभर एकाच कुशीवर, हलायला नको म्हणून.

तर तो रविवार. सकाळी सकाळी चतुराबाई आल्या. त्या कधी मागायच्या नाहीत, त्या द्यायच्याच, त्यामुळं दारात उभं राहून त्यांना शब्द सापडेनात. मग म्हणाल्या, "बाबा, एक बादली असंल तर दे. लेकराला न्हाऊ घालायचंय. टँकर आला की परत आणून देते."

केयूरनं मागं पाहिलं. मनस्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिनं मान खाली घातली. तो खरं म्हणजे देणार होता, असं तो नंतर मला म्हणाला. पण बादली भरायची म्हणजे गादी उचलायची, फळी उचलायची, चतुराबाई दारातच उभ्या, आवाज जाणार, मग एवढं पाणी कुठून, मग पन्नी कुठली, मग पोटदुखीचं काय. एका बादलीमागं एवढं सगळं बाहेर आलं असतं. त्याचे हात आपोआप ड्रमाकडं गेले. ड्रम वाकडा झाला. "काकू, थेंब नाही बघा."

चतुराबाईंनी ड्रमात वाकून पाहिलं पण नाही. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तुमचे पण हालच चाललेत," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या गेल्यावर केयूरला घरात थांबवेना. माणसाला असं झालं ना, की लगेच कुठंतरी मोठं चांगलं काम करावं वाटतं. म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा, झाड लावावं. तशा तयारीत तो बाहेर आला, आणि चांगलं काम कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीखाली त्याची वाटच बघत होतं.

ह्या डीपीखाली कॉलनीचा नंबर लागायचा. टँकर कधी येईल सांगता येत नाही म्हणून माणूस उभा राहायचा नाही, वस्तू उभी राहायची. ड्रम, घागर, कुणाची कळशी, कुणाची वीट. ही सगळी व्यवस्था सर्जेरावांची. सर्जेराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, धरणाचं पाणी वाटायचा अनुभव, त्यामुळं आता ते टँकरचं वाटत होते. त्यांचा नियम पक्का होता, वस्तू जड पाहिजे, चपलेला नंबर नाही. आणि त्यांनीच कॉलनीला सल्ला दिला होता, की ड्रम चोरीला जायलेत तर नंबराला अशी वस्तू ठेवा जी कुणी नेणार नाही.

त्या सकाळी रांगेत ड्रम-घागरींच्या मधोमध एक काळी रेक्झिनची बॅग होती. चेनमधून दोन वायरी बाहेर आलेल्या, आणि बॅग एका लाल वायरीनं खांबाला बांधलेली. भोवती चार माणसं लांबून बघत होती. कुणी म्हणत होतं भंगारवाल्याची असंल, कुणी म्हणत होतं हात लावू नका. आणि दुसऱ्याच दिवशी त्या रस्त्यानं मंत्र्यांचा दुष्काळ पाहणी दौरा जाणार होता. केयूरनं वायर पाहिली, दौरा आठवला, आणि छाती भरून आली. त्यानं कंट्रोल रूमला फोन लावला. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं पण सांगितलं, पत्ता दोनदा सांगितला, आणि शेवटी कुणी न विचारता म्हणाला, मी एक जागरूक नागरिक बोलतोय.

पोलीस असे आले म्हणता, टँकर पण कधी तसा आला नव्हता. फौजदार सांडू, त्यांच्यासोबत भोंगा घेतलेला एक हवालदार, मागून अजून एक गाडी. सांडूसाहेबांनी विचारलं फोन कुणी केला, तर केयूर दोन पावलं पुढं. सांडूसाहेबांनी हात मिळवला. "ऐसे पढेलिखे लोक पाहिजेत," म्हणाले, आणि त्याला जीपजवळ, म्हणजे अगदी आतल्या गोटात उभं केलं. सर्जेराव मात्र दोरीच्या पलीकडं. केयूरला काय वाटलं असंल बघा. सकाळचा ड्रम पार विसरला तो.

तेवढ्यात मनस्विनी आली. दोरीखालून वाकून आली, हवालदार नको म्हणत होता तरी आली, आणि केयूरच्या कानाला लागून म्हणाली, "अरे, तो आपला स्टॅबिलायझर आहे."

केयूरला आधी कळेना. मग कळलं. जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर. कधीचा बंद पडलेला, पण केयूर टाकू द्यायचा नाही, दुरुस्त होईल म्हणायचा. आदल्या संध्याकाळी त्यानंच मनस्विनीला सांगितलं होतं, की आपल्याला पाण्याची गरज नसली तरी रांगेत आपली वस्तू दिसली पाहिजे, नाहीतर लोकांना संशय येईल, ठेव काहीतरी जड. तिनं कुणी नेणार नाही असं घरातलं सगळ्यात जड आणि सगळ्यात नकोसं काढलं, ते हे. तिच्या वडलांच्या बॅगेत घालून.

"आणि ती लाल वायर?"

"नाडा आहे तो. माझ्या परकराचा."

आता सांगायला काय लागत होतं? साहेब, आमची वस्तू आहे, चूक झाली. संपलं असतं. पण केयूरनं फोनवर पत्ता दोनदा सांगितला होता. तरी तो सांडूसाहेबांकडं गेला. साहेब फोनवर वरच्या साहेबांशी बोलत होते, ताठ उभे, सर सर म्हणत. फोन संपला तसा केयूर म्हणाला, साहेब, मला वाटतं तो कदाचित स्टॅबिलायझर असेल. सांडूसाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जागरूक नागरिक एका क्षणात नुसता नागरिक झाला. "तुमको कैसे मालूम?" केयूर म्हणाला, अंदाज. साहेब म्हणाले अंदाजाचं जबाबात घेऊ, आत्ता मागं व्हा. तो मागं झाला. दोरीपाशी सर्जेराव शेजारच्याला समजावून सांगत होते, की लाल वायर कधी कापायची नसते, आधी हिरवी शोधायची. केयूरनं हिरवं काही निघू नये म्हणून देवाला नमस्कार केला.

मग बॉम्बशोधक पथक आलं. त्यातल्या एका जवानाला तो जाड अंगरखा चढवला, वर हेल्मेट. मे महिन्यातलं ऊन, आपल्याला बनियन सहन होत नव्हतं. तो बिचारा दहा पावलं गेला आणि झोकांड्या खात परत आला. हवालदारानं भोंग्यावरून सांगितलं, की नागरिकांनी पाणी आणावं, जवानाला प्यायला आणि एक बादली जवळ ठेवायला.

कॉलनीनं एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. मग एकेक जण बोलायला लागला, की साहेब टँकरच नाही, साहेब आमच्याकडं परवापासून नाही. सर्जेराव म्हणाले पाणी शासनानं पुरवायचं असतं. केयूर धावत घरात गेला, आणि घरातून काय घेऊन आला सांगू? दाखवायचा ड्रम. सवय हो. सांडूसाहेबांपुढं त्यानं तो वाकडा करून दाखवला. झुरळ बाहेर आलं.

एवढ्यात गर्दीतून चतुराबाई आल्या, पितळी तांब्या घेऊन. भरलेला. बाळंतिणीसाठी उकळून गार केलेलं तेवढंच उरलं होतं. जवान हेल्मेट काढून गटागटा प्याला. चतुराबाई म्हणाल्या, "पे बाबा, लई ऊन हाय." राहिलेलं तळाचं त्यांनी कुत्र्यापुढं वाटीत ओतलं. केयूर हे सगळं ड्रम धरून बघत होता. ड्रम एवढा जड त्याला कधीच लागला नव्हता.

मग पथक बॅगेपाशी गेलं. जवान बराच वेळ वाकून बसला, मग उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "वायर नाय साहेब. नाडा हाय." कॉलनीत हसण्याची लाट गेली. मनस्विनी गेटमागं दिसेनाशी झाली. नंतर बॅगेतून स्टॅबिलायझर निघाला, पुढं काटा, खाली बटन, वर धूळ. बॉम्ब नाही म्हटल्यावर केयूरला वाटलं सुटलो.

सुटतो कसला. सांडूसाहेबांनी विचारलं वस्तू कुणाची. केयूरनं तोंड उघडलं, तेवढ्यात सर्जेराव म्हणाले, साहेब, मला तर ही रंगीत तालीम वाटते, आधी रिकामा डबा ठेवून बघतात, पोलीस किती वेळात येतात ते. उद्या मंत्र्यांचा दौरा आहे, लक्षात घ्या. झालं. सांडूसाहेबांचा चेहरा परत कडक झाला. केयूरनं उघडलेलं तोंड मिटलं. आता कबूल करायचं म्हणजे तालीम मी केली म्हणायचं.

"कुत्ता लाव," साहेब म्हणाले.

कुत्रीचं नाव हिरा. ती माग काढणारी होती का स्फोटकं हुंगणारी, ते मला विचारू नका, मला नाही कळत त्यातलं. तिला सांभाळणाऱ्या बद्रीनाथ हवालदारानं तिला नाडा हुंगवला. हिरानं मान वर केली, आणि डीपीपासून निघाली ती सरळ, वळणाला वळली, चतुराबाईंच्या दारापाशी क्षणभर थांबली, तशी केयूरच्या मनात नको ती आशा आली, हे पण तो मला म्हणाला आणि खाली बघत म्हणाला. मग ती पुढं निघून सेलूकरांच्या गेटात शिरली. हॉल. तात्यासाहेबांच्या शिडीखालून गेली. बेडरूम. दिवाण. बसली.

बद्रीनाथ म्हणाला, "हिरा फुकट बसत नाय साहेब." 

"काय हाय दिवाणात?" सांडूसाहेबांनी विचारलं.

"गाद्या," केयूर म्हणाला.

"उघड."

"बिजागरी अडकलीय साहेब."

साहेबांनी पथकाच्या माणसाला बोलावलं. पंच म्हणून दोन प्रतिष्ठित माणसं पाहिजेत म्हणाले, तर हवालदार बाहेर जाऊन सर्जेरावांना आणि तात्यासाहेबांना घेऊन आला. तात्यासाहेब चपला दाराबाहेर काढून आत आले, घरात बॉम्ब असला तरी चपला बाहेर. पथकाचा माणूस दिवाणाला कान लावून म्हणाला, आत काहीतरी हलतंय. लाकूड उचकटायची जोखीम नको, जागेवरच निकामी करावं लागंल. केयूरनं विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, छोटा स्फोट. भिंतीला थोडे तडे जातील, जास्त नाही. हे तो अशा मायेनं म्हणाला, जसा डॉक्टर म्हणतो थोडं दुखेल.

दिवाण माहेरचा, भिंत कर्जाची, आणि समोर तात्यासाहेब, ज्यांनी शिडी पण दिली होती. केयूरनं ओठ हलवले.

"क्या बोला?"

"पाणी," केयूर म्हणाला. "साहेब, पाणी आहे त्यात."

"जोरसे बोल."

"दिवाणात पाणी भरून ठेवलंय."

सांडूसाहेबांना पटेना. त्यांनी बद्रीनाथकडं पाहिलं, बद्रीनाथनं खाली वाकून दिवाणाच्या कोपऱ्यात हात लावला, फरशी ओली होती. तो जरा ओशाळून म्हणाला, साहेब, हिरा गारव्याला बसली असंल, ऊन लई हाय. आणि दारातल्या भोंगेवाल्या हवालदाराला बिचाऱ्याला वाटलं, बाहेर लोक घाबरलेत, त्यांना लगेच धीर द्यावा. त्यानं भोंगा तोंडाला लावला. "नागरिकांनी घाबरू नये. सेलूकर यांच्या दिवाणात बॉम्ब नाही. पाणी आहे. परत सांगतो, पाणी आहे. भरपूर पाणी आहे."

हर्सूल जेलच्या भिंतीपर्यंत गेला असंल तो आवाज.

फळी उचलली. कडेपर्यंत पाणी, वर पंख्याची सावली फिरतेय, आणि चारी बाजूंनी शेततळ्याची काळी पन्नी, विळ्यानं कापलेल्या कडेसकट. डांबरगोळीचा भपकारा आला. बद्रीनाथनं ओंजळभर पाणी हिरापुढं धरलं. हिरानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. सर्जेराव चष्मा काढून पुसायला लागले. तात्यासाहेबांनी हळूच पन्नीची कड दोन बोटांत धरली, ओळखली, सोडली. वर छताकडं पाहिलं, मग परत दिवाणात पाहिलं.

"माळा लई खाली आला रे तुझा," ते म्हणाले.

एवढंच. मग हॉलमध्ये जाऊन शिडी उचलली, खांद्यावर घेतली आणि निघून गेले.

सांडूसाहेबांनी जबाब घेतला, तो जीपच्या बॉनेटवर, उन्हात, सगळ्यांसमोर. स्टॅबिलायझर कुणाचा, माझा. नंबरात का ठेवला, पाण्यासाठी. पाणी घरात असताना का, ह्याचं उत्तर केयूरला देता येईना, तर साहेब म्हणाले लिही, उत्तर देता आलं नाही. पोलिसांना फुकट पळवलं म्हणून कलम लावायचं का नाही ह्यावर वर फोन झाला. वरून विचारणा झाली, की दिवाणात पाणी भरणं कोणत्या कलमाखाली येतं. ते कुणालाच सापडलं नाही. शेवटी समज देऊन सोडलं. सही केल्यावर साहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "बीमावाले ना तुम?" केयूर हो म्हणाला. साहेबांनी नुसती मान हलवली, जशी लग्न मोडलेल्या घरात जाऊन हलवतात.

पण जाता जाता सांडूसाहेबांनी भोंगा स्वतः हातात घेतला आणि जाहीर केलं, की दौरा होईपर्यंत धोका नको, दुपारनंतर हिराला घेऊन कॉलनीतलं एकेक घर तपासलं जाईल. दिवाण, कपाटं, सगळं.

गर्दी पांगली, ती नेहमीपेक्षा जरा घाईनं पांगली.

केयूर घरात येऊन बसला. मनस्विनीनं बादली आणली, दिवाणातून भरली आणि त्याच्यासमोर ठेवली. हॉलमध्ये शिडी होती तिथं भिंतीला दोन ठिपके उमटले होते, ते बघत तो बराच वेळ बसला. दुपार कलली. हिरा काही आली नाही. नंतर कळलं की दौऱ्याचा रस्ताच लगोलग बदलला होता, दौरा करमाडच्या बाजूनं गेला, आमच्याकडचा दुष्काळ बघायचा राहूनच गेला. पण हे त्या दुपारी कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी केयूर उठला. बादली उचलली. आपल्या गेटापासून चतुराबाईंच्या ओट्यापर्यंत अंतर ते किती, पण त्या दिवशी ते संपेना. काय बोलायचं ते मनात जुळवत होता. काकू, चूक झाली. काकू, माफ करा. काकू, सकाळी मी. ह्याच्या पुढं वाक्य जात नव्हतं. मान वर केली, तर ओट्यावर बादल्या.

एक नाही, दोन नाही, ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग. सर्जेरावांच्या घरचा निळा टब, ज्याला वॉशिंग मशीनच्या पावडरीचा फेस अजून चिकटलेला. कुणाची कळशी, कुणाचा कुकर, कुणाचं कूलरचं पाणी, त्यात गवताच्या काड्या. सकाळी सांडूसाहेबांपुढं ज्याच्या ज्याच्या घरात थेंब नव्हता, त्याचं त्याचं पाणी तिथं उभं होतं. माणूस एक पण नाही. सगळे ठेवून, पाठ फिरवून, दारं लावून आत बसलेले. बरं, ठेवलेलं पण कसं, तर ओळीनं. नंबरात.

केयूरनं आपली बादली शेवटी ठेवली.

तेवढ्यात चतुराबाई बाहेर आल्या, हातात लेकराचं दुपटं. त्यांनी रांगेकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. एकेका भांड्यात बोट बुडवत त्या पुढं पुढं आल्या. केयूरच्या बादलीपाशी थांबल्या, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"डांबरगोळी हाय ह्याच्यात. लेकराला नाय चालायचं बाबा."

केयूर बादली परत उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे. नंबर लावलास ना, मग उचलू नको. मोरी धुवाया व्हईल."

आतून लेकरू रडायला लागलं. त्यांनी पुढची एक कळशी कमरेवर घेतली, उंबऱ्यात पाय ठेवला, आणि काहीतरी आठवल्यासारखं मागं वळून विचारलं,

"आन पोटाचं कसंय रे आता?"

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा होता का खरीच काळजी होती, ते केयूरला आजतागायत कळलेलं नाही. चतुराबाई आत गेल्या. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, लेकराचं रडणं थांबलं, आणि केयूर मोकळ्या हातांनी तिथंच उभा राहिला, शेवटच्या बादलीच्या मागं.